बी.एड.चा अभ्यास आणि आईची झोप

डोके दुखते, मान आखडते, उगाच चिडचिड होते, वर्गात फळ्यापाशी उभे राहिले की गरगरते. अशा तक्रारी घेऊन तिशी-पस्तिशीची बाई दवाखान्यात आली आणि ती शाळेत शिकवते असे कळले, की मी हल्ली एक प्रश्न हमखास विचारते : सध्या बी.एड. चालू आहे का? बऱ्याचदा उत्तर येते, "हो, बाहेरून करतेय." मग घरात मूल किती वर्षांचे आणि रात्री किती वाजता आडव्या होता, एवढे विचारले की निम्मे निदान तिथेच होते.

"बाहेरून" हा शब्दच मुळी फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, पुस्तके टपालाने येतात, वर्षाच्या शेवटी परीक्षा द्यायची, संपले. प्रत्यक्षात तसे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले. त्याच्या आधी चार वर्षे, १९८५ मध्ये, इग्नूची स्थापना झाली होती. दोन्ही विद्यापीठांची विभागीय केंद्रे पुण्यात आहेत. बी.एड.साठी स्वाध्याय लिहावे लागतात, संपर्क सत्रांना हजर राहावे लागते, पाठ टाचणे काढून सराव पाठ घ्यावे लागतात. इग्नूच्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये बारा-बारा दिवसांच्या दोन सक्तीच्या कार्यशाळाही आहेत. शिवाय दूरशिक्षणाचे हे बी.एड. मुख्यतः नोकरीतल्या शिक्षकांसाठी आहे. म्हणजे विद्यार्थिनी आधीच एक नोकरी करते, घर सांभाळते, आणि त्यावर हा तिसरा भार घेते.

हौस म्हणून कोणी हे करत नाही. २०१७ च्या कायदादुरुस्तीने अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत किमान पात्रता मिळवण्याची मुदत दिली, तेव्हा देशभरातले दहा लाखांहून अधिक शिक्षक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या डी.एल.एड.ला बसले. त्यात लेकुरवाळ्या किती असतील याची कल्पना करावी. पदविकेवर नोकरी टिकते, पदवीवर बढती मिळते आणि पगार वाढतो. तेव्हा "कशाला एवढी दगदग करता?" असे डॉक्टरने म्हणणे सोपे असले, तरी मी ते म्हणणार नाही. शिकायलाच हवे. माझे म्हणणे निराळे आहे. हे शिक्षण आज आईच्या झोपेतून आणि तिच्या ताटातून वसूल होते आहे, आणि घरातल्या कोणालाही त्याचा हिशेब विचारावासा वाटत नाही.

हिशेब असा आहे. सकाळची शाळा, दुपारी घर, मग मुलाचा गृहपाठ आणि रात्रीचा स्वयंपाक. साडेदहाला मूल झोपले की वह्या उघडायच्या. एक वाजतो. पहाटे पाचला नळाला पाणी येते, त्यामुळे उठणे टळत नाही. चार तास झोप झाली. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. एखाद-दुसरी रात्र शरीर निभावून नेते, पण महिनोन्‌महिने हेच चालले तर रक्तदाब, वजन आणि मन या सगळ्यांवर परिणाम होतो. त्यात दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम मेंदू बऱ्याच अंशी झोपेतच करतो. झोप मोडून पाठ केलेला बालमानसशास्त्राचा धडा परीक्षेत आठवत नाही, तेव्हा बाईला वाटते आपलीच बुद्धी कमी पडली. जागरणासाठी अकरा वाजता घेतलेला चहा तर पुस्तक मिटल्यावरही झोप येऊ देत नाही.

जेवणाचेही तसेच. उरलेसुरले उभ्याने खायचे आणि भूक चहा-बिस्किटावर मारायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर दम लागणे, डोके जड होणे, लक्ष न लागणे हे सगळे होते, आणि आपण त्याला "अभ्यासाचा ताण" असे नाव देऊन मोकळे होतो. रक्ततपासणी करून घ्या. पालेभाजी, मोडाची मटकी, अळीव यांवर लिंबू पिळा. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने घ्या. बाळ अंगावर पीत असेल तर पहिल्या सहा महिन्यांत आईला रोज सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात. ती भर चहाने भरत नाही.

आता रविवारच्या संपर्क सत्राकडे वळते. सासवड, भोर, बारामतीहून बायका पहाटेची एसटी पकडून स्वारगेटला उतरतात आणि तिथून अभ्यासकेंद्र गाठतात. केंद्र असते एखाद्या महाविद्यालयात. रविवार असल्याने स्वच्छतागृहाला कुलूप, नाहीतर आत पाय ठेववत नाही अशी स्थिती. मग या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. सोमवारी-मंगळवारी लघवीची जळजळ घेऊन माझ्याकडे येतात. औषध मी देते, पण माझ्या मते यावरचा खरा उपाय म्हणजे ते कुलूप उघडणे, आणि तो केंद्रचालकांच्या हातात आहे.

तान्ह्या बाळाच्या आईची अडचण याहून नाजूक. बारा दिवसांच्या कार्यशाळेत दिवसभर दूध साठले की गाठी होतात, ताप भरतो, आणि लाजेपायी ती कोणाला सांगत नाही. केंद्राने एक रिकामी खोली आणि आतून लागणारी कडी एवढे दिले तरी पुष्कळ. हात धुऊन, उकळून घेतलेल्या भांड्यात दूध काढावे. झाकून गार जागी ठेवले तर ते साधारण चार तास चांगले राहते, उन्हाळ्यात मात्र त्याहून कमी धरावे. घरी फ्रीज असेल तर निघण्यापूर्वी काढून ठेवलेले दूध आजी वाटी-चमच्याने पाजू शकते.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभे राहिले. तिथे प्रौढ, विवाहित स्त्रियांचे वर्ग दुपारी भरत, कारण घरची जेवणे उरकल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नसे. शिकणाऱ्या बाईचा दिवस कसा असतो ते पाहून संस्थेने आपली वेळ ठरवली होती. मुक्त विद्यापीठाचे ब्रीद "ज्ञानगंगा घरोघरी" असे आहे आणि ती खरोखरच घरी पोचली. पण घरी पोचल्यावर तिला जागा आणि वेळ द्यायची ती घराने. तिथे आपण कमी पडतो. नोकरीतला बाप बी.एड. करत असेल तर "त्याला त्रास देऊ नका" असे मुलांना बजावले जाते आणि चहा टेबलावर येतो. आई करत असेल तर तिच्या पुस्तकावरच भाजी निवडली जाते! हे मी दोन्ही प्रकारच्या घरांत पाहिले आहे.

म्हणून नवऱ्यांना आणि सासूबाईंना माझे स्पष्ट सांगणे आहे : संध्याकाळी सात ते नऊ हे दोन तास तिचे ठेवा. रात्रीचा स्वयंपाक आणि मुलाचा गृहपाठ त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी बघावा. अकराला दिवा बंद झाला पाहिजे. आणि भगिनींनो, दोन वर्षांतच पदवी घेण्याचा हट्ट नको. २०१४ च्या नियमावलीने दूरशिक्षणाच्या बी.एड.ला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे दिली आहेत. मूल अगदी लहान असेल तर ही सवलत वापरावी. तीन वर्षे लागली म्हणून पदवी हलकी होत नाही. प्रवेश घेतानाच माहितीपत्रकात मुदतीचे आणि पुन्हा नोंदणीचे नियम नीट वाचून घ्यावेत.

उदासपणा, रडू येणे, मुलाचा कंटाळा येणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. "टेलिमानस"च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, किंवा जवळच्या डॉक्टरांना भेटावे. भेटायला जाताना मागच्या रक्ततपासणीचा कागद बरोबर न्यावा, आणि एका आठवड्यात कोणत्या दिवशी किती तास झोपलात ते वहीच्या मागच्या पानावर लिहून न्यावे.