परिचारिकेच्या शिक्षणाचा जमाखर्च

मुलीला परिचारिका करावयाचे असा निश्चय एखादे शेतकरी कुटुंब करते, तेव्हा वहीच्या पहिल्या ओळीत शिक्षणशुल्क लिहून, त्याला बी.एस्सी. नर्सिंगच्या ४ वर्षांनी गुणून, हिशेब पुरा झाला असे ते मानते. आणि पुढील कर्जाचे बीज तेथेच पडते. वसतिगृहाची अनामत, खानावळीचे मासिक देणे, गणवेशाचे दोन जोड, रात्रपाळीत तासन्‌तास उभे राहताना पायांना सोसतील असे बूट (ही चैन नव्हे), प्रात्यक्षिकांच्या वह्या, ग्रामीण आरोग्यकेंद्रापर्यंतचे एस.टी.चे भाडे आणि अखेरीस महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी, यांचा तपशील त्या ओळीत कोठेच नसतो. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना शासनाने २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले, हे मोठेच उपकारक कार्य होय. परंतु खानावळ त्या माफीत बसत नाही. संपूर्ण मुदतीच्या खर्चाचा तक्ता प्रवेशापूर्वीच लेखी देण्याची सक्ती प्रत्येक संस्थेवर झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर पालकांना एवढीच विनंती, की तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढावा, आणि संस्थेचा शिक्का असलेला तक्ता हाती आल्यावाचून एक रुपयाही भरू नये.