मोजलेला प्रेक्षक आणि न मोजलेला

'लोकांना हेच हवे असते' हे वाक्य मराठी दूरचित्रवाणीच्या व्यवहारात आप्तवाक्याच्या थाटात उच्चारले जाते. मालिकेतील सून शेकडो भाग अश्रू का ढाळते, एकदा मेलेले पात्र परत का येते, कथानक अकस्मात सात वर्षे पुढे का उडी घेते, असे विचारणाऱ्यास हेच उत्तर मिळते आणि वाद तिथे खुंटतो. या वाक्यातील 'लोक' कोण, त्यांना काय हवे आहे हे त्यांना कोणी आणि कसे विचारले, याची चिकित्सा मात्र होत नाही. साहित्यसमीक्षेनेही ती केलेली नाही. हजार प्रतींच्या कादंबरीच्या वाचकाविषयी परिसंवाद भरविणारी आपली विद्यापीठे लक्षावधी घरांत रोज रात्री सांगितल्या जाणाऱ्या कथेच्या श्रोत्याविषयी मौन पाळतात. हे मौन अभिजात अभिरुचीचे लक्षण समजले जाते. वस्तुतः तो आळस आहे.

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा परिसर या चिकित्सेला सोयीचा आहे. एके काळी स्वतंत्र नगरपालिका असलेले हे उपनगर २००७ साली बंगळूर महानगरात विलीन झाले. व्हाइटफील्ड, हुडी, बाह्य वळणरस्ता यांच्या आसपास माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागून मराठी कुटुंबेही आली. बंगळूरला मराठी नवी नाही. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण आजचा महादेवपुऱ्यातील मराठी माणूस त्या इतिहासाचा वारस म्हणून तिथे राहत नाही. तो दिवसभर इंग्रजीत काम करतो, भाजीवाल्याशी मोडक्या कन्नडमध्ये बोलतो, आणि रात्री, विशेषतः गावाहून आई किंवा सासू राहायला आलेली असेल तेव्हा, घरात मराठी मालिका लागते. भाषेशी त्याचा उरलेला दैनंदिन संबंध पुष्कळदा तेवढाच असतो.

मोजमापाच्या दृष्टीने हा प्रेक्षक जवळजवळ अस्तित्वातच नाही. २०१५ पासून भारतातील दूरचित्रवाणीचे गुणांकन 'बार्क' ही प्रसारक, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांनी मिळून उभारलेली संस्था करते. निवडक घरांत यंत्र बसविले जाते. वाहिनीच्या ध्वनीत मिसळलेली, कानाला न कळणारी खूण ते यंत्र ओळखते. कोण पाहतो आहे हे कळावे म्हणून घरातील प्रत्येकाने आपापले बटण दाबायचे असते. २०२० च्या सुमारास देशातील सुमारे २१ कोटी दूरचित्रवाणीधारक घरांमागे अशी यंत्रे सुमारे ४४ हजार घरांत होती. मराठी वाहिन्यांचे यशापयश 'महाराष्ट्र आणि गोवा' या बाजारपेठेच्या चौकटीत ठरते. महादेवपुऱ्यातल्या एखाद्या मराठी घरी उद्या यंत्र बसलेच, तर त्याची नोंद कर्नाटकाच्या रकान्यात जाईल. बेळगाव, निपाणी, कारवार येथील मराठी घरांचीही तीच गत. इंदूर-बडोद्याची निराळी नाही. जी भाषा या माणसांच्या घरी बोलली जाते, तिच्यातील कथा कशी असावी हे ठरविताना त्यांचे मत मोजलेच जात नाही. भाषेचा नकाशा आणि साबणाच्या विक्रीचा नकाशा एकच आहे असे येथे गृहीत धरलेले आहे.

नमुना लहान आहे, ही तक्रार येथे करायची नाही. संख्याशास्त्राच्या नियमांनी नीट निवडलेला लहान नमुनाही खरे सांगू शकतो. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्या बायाबापड्यांना संख्याशास्त्राच्या आधीपासून माहीत आहे. पण शीत चेपून भात शिजला की नाही एवढेच कळते. जेवणाऱ्याला भात हवा होता की भाकरी, हे त्यातून कळत नाही. यंत्र सांगते की संच चालू होता. माणूस का बसला होता, काय ऐकून गलबलला, कोणत्या प्रसंगी कंटाळून उठला आणि बटण दाबायचे विसरला, यांतले काहीही ते सांगत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी गुणांकनातील कथित फेरफाराचे प्रकरण उजेडात आणले, वृत्तवाहिन्यांचे गुणांकन त्यानंतर २०२२ च्या मार्चपर्यंत बंद राहिले, आणि सर्वत्र नैतिक संतापाला भरते आले. परंतु आकडा प्रामाणिक असतानाही तो अपुराच असतो, या मूळ मुद्द्याकडे त्या गदारोळात कोणी पाहिले नाही.

या अपुऱ्या आकड्यावर कथेची घडण कशी बेतली जाते ते पाहावे. वाहिनीचा कार्यक्रमविभाग एक कथासंकल्पना मान्य करतो; कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. गुरुवारी आकडे येतात, आणि पुढील आठवड्याचे कथानक त्यांकडे पाहून वळविले जाते. एखादे खलपात्र 'चालले' तर त्याचे आयुष्य वाढते. एखादा नाजूक प्रसंग 'पडला' तर तसा प्रसंग पुन्हा लिहिण्याचे धाडस लेखक करीत नाही. या व्यवस्थेत लेखक वाईट असतात असे मुळीच नाही. तिच्यात कथेला शेवट ठरविण्याचा अधिकार नाही, इतकेच. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून अकरा वर्षे आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली. शेवट ज्याच्या हाती नाही, तो आरंभाचा तरी अर्थ कसा लावणार, हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या वाचकाला सुचावा. आमच्या अभ्यासक्रमांना तो सुचलेला नाही.

यापेक्षा निराळी रीत शक्य नाही, असे सांगितले जाते. मराठीचाच इतिहास त्याला उत्तर देतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांना वर्षभर चालेल अशी गीतमाला लिहिण्यास सांगितले. त्या वर्षीच्या रामनवमीस, १ एप्रिल रोजी, 'गीतरामायणा'चे पहिले गीत प्रसारित झाले. १९ एप्रिल १९५६ रोजी शेवटचे. अधिक महिना आल्याने बावन्नांची छप्पन गीते झाली. दर आठवड्यास एक गीत, सुधीर फडके यांचे संगीत, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक यांच्यासारखे गाणारे. घरोघर रेडिओ नव्हता, म्हणून ज्याच्याकडे होता त्याच्या ओसरीवर शेजार जमे. काही घरांत रेडिओला हार घातला जाई. वृत्तपत्रे गीतांचे शब्द छापीत. येथे श्रोत्याची मागणी आधी मोजून गीत रचलेले नव्हते. श्रोत्याच्या स्मरणात काय आहे याची लाडांना आणि माडगूळकरांना जाण होती, आणि त्या स्मरणाला त्याहून मोठे काही देता येईल असा विश्वास होता. त्या विश्वासातून तो श्रोता घडला.

भाबडेपणाचा आरोप येण्याआधी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्याच दशकात, १९५२ पासून दहा वर्षे, नभोवाणीमंत्री असलेल्या बा. वि. केसकरांनाही श्रोत्याला काहीतरी मोठे द्यायचे होते. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, हे श्रेय त्यांचे आहेच. पण चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केले, आणि श्रोता काटा फिरवून रेडिओ सिलोनकडे गेला. अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाले'ने त्याला आपलेसे केले. अखेर १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून सरकारलाच माघार घ्यावी लागली. केसकरांची चूक अभिरुची उंच असण्याची नव्हती. श्रोत्याचे ऐकून घेण्याची त्यांना गरज वाटली नाही, ही होती. माडगूळकर श्रोत्याच्या ओसरीवर गेले. केसकरांनी त्याला वर्गात बसविले. आजच्या वाहिन्या केसकरांना हसतात, पण मंत्र्याच्या हुकमाच्या जागी त्यांनी गुरुवारचा आकडा आणून ठेवला आहे. ऐकून घेणे दोन्हीकडे नाहीच.

ऐकून घेणे म्हणजे काय, हेही पुण्यानेच दाखविले होते. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. कॅनडातील शेतकरी श्रोतृमंडळांचा तो आदर्श होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. गावातील मंडळी एकत्र ऐकत, मग चर्चा करीत, आणि त्यांचे निष्कर्ष व शंका संयोजक पुण्याला कळवी. पुढच्या प्रसारणात त्या शंकांना उत्तरे मिळत. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्याचे सूत्र. पॉल न्यूराथ यांनी केलेल्या मूल्यमापनात मंडळे असलेल्या गावांत विषयाचे आकलन मंडळे नसलेल्या गावांपेक्षा ठळकपणे वाढलेले आढळले. या प्रयोगाचे महत्त्व शेतीपुरते मर्यादित नाही. कार्यक्रम प्रसारित झाल्यावर श्रोत्याचे काम संपत नाही, सुरू होते, असे मानणारी ती रीत होती. पुढे ही मंडळे देशभर पसरली आणि हळूहळू विरली; मूळ कल्पना खोटी ठरली म्हणून नव्हे, ती चालवायला माणसे लागतात म्हणून.

दूरदर्शनवर १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली तेव्हा लाखो पत्रे आली. त्या पत्रांतून एक चमत्कारिक गोष्ट दिसली: भागवंती ही सोशीक आई स्त्रियांनी कसे राहू नये याचे उदाहरण म्हणून रचलेली होती, आणि अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. प्रेक्षक कथेचा अर्थ स्वतः लावतो, लेखकाच्या हेतूविरुद्धही लावतो, हे त्यातून कळले, कारण पत्रे होती. यंत्राच्या नोंदीत ते कधीच कळले नसते. तिथे भागवंती केवळ 'चालली' असती.

आता महादेवपुऱ्याकडे परतावे. २०१८ साली झी मराठीवर आलेली 'तुला पाहते रे' ही मालिका २०१९ मध्ये कन्नडमध्ये 'जोते जोतेयली' झाली. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर ती मराठीत आणि खालच्या मजल्यावर कन्नडमध्ये पाहिली गेली असणे सहज शक्य आहे. उलट प्रवासही तितकाच आहे: 'आई कुठे काय करते' मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून आली, 'मुलगी झाली हो' तेलुगू 'मौन रागम'वरून. उसनवारीला हरकत नाही. देवलांचा 'संशयकल्लोळ' मर्फीच्या मार्फत मोलिएरपासून आला. शॉच्या 'पिग्मॅलिअन'ची पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' केली. पण देवलांनी ते नाटक मराठी संसारात मुरविले, आणि पुलंनी त्या फुलवालीच्या तोंडी अशी बोली घातली की इंग्रजी मूळ शोधण्याची कोणाला गरज वाटू नये. आज कथा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते ती तिथे तिने मिळविलेल्या गुणांकनाच्या शिफारशीवर. साडी नेसण्याची तऱ्हा बदलते, सण बदलतात, बोलीचा मात्र पत्ता नसतो. 'आई कुठे काय करते' या मालिकेने संसारातल्या स्त्रीच्या श्रमाविषयी अनेक घरांत वाद घडविला, हे मान्य केले पाहिजे. पण तो वाद कोणत्या घरी कसा झाला, याची नोंद कोणाकडे आहे?

परक्या भाषेच्या गावात वाढणाऱ्या मुलाला 'ओसरी', 'माजघर', 'हातपाय धुऊन ये' हे शब्द आजीच्या तोंडून किंवा या मालिकांतूनच कानी पडणार. त्या दृष्टीने महादेवपुऱ्यातील न मोजलेला प्रेक्षक मोजलेल्यापेक्षा भाषेच्या अधिक कामाचा आहे, आणि मालिकेची भाषा घडविताना त्याचाच विचार नाही. संवादांत हिंदीच्या वळणाची मराठी येते. तिला वाहिन्या 'आजची भाषा' म्हणतात. ज्याच्या आजूबाजूला मराठी आहे तो ती ऐकून सोडून देतो. ज्याच्या आजूबाजूला ती नाही, त्याची मराठी तीच होते.

साहित्यसंस्था आणि विद्यापीठे यांना येथे काम आहे, आणि ते वाहिन्यांची परवानगी घेऊन करण्याचे नाही. 'आकाशवाणी' हे नाव म्हैसूरच्या ज्या केंद्राने १९३५ साली रुजविले, ते मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी सुरू केले होते. एका प्राध्यापकाला जे साधले त्याचा शतांश तरी मराठी विभागांना साधावा. दहा गावांत आणि दहा परगावी वसाहतींत श्रोतृमंडळे बसवावीत, महादेवपुऱ्यातही एक. एक मालिका महिनाभर एकत्र पाहावी, लोक काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि ते छापावे. दुसरे, संहिता जपाव्यात. 'गीतरामायण' आज वाचता येते, कारण १९५७ साली प्रकाशन विभागाने ते पुस्तकरूपाने छापले. मुंबई आकाशवाणीवरील 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजींच्या किंवा मुंबई दूरदर्शनच्या 'गजरा'च्या संहिता मागणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथपालाने आज कोणत्या कपाटाकडे पाठवावे?