मैत्रीतले ‘तू’ आणि ‘तुम्ही’

कोरियात दोन अनोळखी माणसे भेटली की ओळख वाढण्याआधी वयाचा अंदाज घेतला जातो. पुष्कळदा जन्मवर्ष सरळ विचारतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. थोरला कोण हे कळल्याशिवाय बोलायचे कसे, हेच ठरत नाही. कारण समोरच्याच्या मानाप्रमाणे त्यांच्या क्रियापदाचा शेवट बदलतो. ‘चिंगू’ म्हणजे मित्र, पण हा शब्द बहुधा समवयस्कालाच लागतो. मुलगा एखाद्या वर्षाने मोठ्या असलेल्या दोस्तालाही ‘ह्योंग’, म्हणजे दादा म्हणतो. अरे-तुरेच्या मोकळ्या बोलीला तिथे ‘बान्माल’ म्हणतात. थोरल्याने मुभा दिल्यावाचून धाकट्याने त्या बोलीत बोलायचे नसते. जून २०२३ पासून तिथे सरकारी कामकाजात वय मोजण्याची जुनी रीत बदलली, तरी बोलण्यातले थोरले-धाकटेपण कायम आहे.

वाचकहो, याचे हसू येण्याआधी आपल्याकडे पाहू या. वाशीमच्या बसस्थानकावर नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘कोणत्या गावचे?’ आणि दुसरा ‘आडनाव काय?’ तिकडे वयावरून मान ठरतो, इकडे आडनाव कळल्यावर आवाज बदलतो. वय विचारणारा निदान सर्वांना एकाच मापाने मोजतो. आज धाकटा असलेला उद्या कुणाचा तरी थोरला होतोच. आडनावाच्या मापात मात्र माणूस म्हातारा झाला तरी थोरला होत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनी हे सोसले आहे. साठीच्या माणसाला वाड्यातले पोरगे ‘का रे’ म्हणून हाक मारी. धोंडिबाचा धोंड्या होई, आणि त्या धोंडिबाने वाकून जोहार घालायचा. त्या जोहाराला उलट जोहार नसे. म्हणूनच ‘जयभीम’ची थोरवी आम्हाला मोठी वाटते. हे अभिवादन रुजवण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांना दिले जाते. नातवाने आजोबांना जयभीम म्हणावे आणि आजोबांनीही त्याला जयभीमच म्हणावे. शब्द तोच जातो आणि तोच परत येतो.

मग वयाला मान नकोच का? तसे नाही. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला सांगितले होते की, थोर भिक्खूंनी धाकट्यांना नावाने किंवा ‘आवुसो’ म्हणावे आणि धाकट्यांनी थोरांना ‘भन्ते’ म्हणावे. मान राहिला, पण संघात थोरपण मोजले गेले ते दीक्षेपासून. जन्मावरून किंवा कुळावरून नव्हे. शाक्य राजपुत्र संघात आले तेव्हा, आपला कुळाचा ताठा मोडावा म्हणून, त्यांनी आपला न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्यायला लावली. तो थोर ठरला आणि राजपुत्रांनी त्याला वंदन केले. आज आपण लग्नपत्रिकेवर नावाआधी ‘आयु.’ छापतो, त्यातल्या ‘आयुष्मान’ची परंपरा तिथवर जाते.

पत्रिकेवर आयुष्मान छापले, पण तोंडी काय? कचेरीत आम्ही रोज ऐकतो : ‘साहेब आले’, ‘चपराशी आला’. साहेब तिशीचा आणि चपराशी पन्नाशी ओलांडलेला, तरीही. ‘मॅडम आल्या’ आणि ‘झाडूवाली आली’. हे बोलणारे सगळे परकेच असतात असे नाही. चार बुके शिकलेली आपली मुलेही तसेच बोलू लागली आहेत.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळांची. जयंतीच्या बैठकीत वीस वर्षांचा तरुण हिशेब विचारतो आणि जुना कार्यकर्ता म्हणतो, ‘तू बस रे, तुले काय समजते?’ तरुण खाली बसतो आणि पुढच्या बैठकीला येत नाही. वयाच्या मानाने त्याचे तोंड बंद केले, मग मंडळाला वारस कुठून मिळणार?

तिसरी गोष्ट घरातली. बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, नवरा तिला ‘अगं’. लेकरे ते ऐकूनच बाई-पुरुषाचा हिशेब शिकतात.

‘तू’ हा शब्द वाईट नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो. भीमगीतांत गायक बाबासाहेबांनाही ‘तू’ म्हणतो, आणि त्यात माया असते. पारख एकच : ज्याला आपण ‘तू’ म्हणतो, त्याने आपल्याला ‘तू’ म्हटले तर चालेल का? चालत असेल तर ती मैत्री. चालत नसेल आणि मायेचे नातेही नसेल, तर ती मालकी.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. बैठकीत सर्वांना ‘तुम्ही’ म्हणा आणि धाकट्याला आधी बोलू द्या. झाडणाऱ्या मावशी ‘आल्या’ म्हणा. घरात नवरा-बायकोने एकच संबोधन ठरवावे. दोघांचे ‘अहो’ किंवा दोघांचे ‘तू’. यासाठी वर्गणी लागत नाही की अर्ज करावा लागत नाही. उद्या सकाळी पहिला माणूस भेटेल तेव्हापासून सुरुवात करता येईल.

जयभीम!