ट्रंकेतली झबली आणि बाळाचे धुणे



मध्यंतरी आमच्या चाळीत एका घरी पाळणा हलला. आजीबाईंनी हौसेने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली. उतरवायला आम्हीच हात दिला. थोरल्या नातवाची झबली, टोपडी, दुपटी त्यांनी सात वर्षे डांबरगोळ्या टाकून जपली होती. कपड्यांना उग्र वास येत होता. पण गोळ्यांचा वास म्हणजे कपडे स्वच्छ, असेच आजींना वाटले आणि आम्हालाही वाटले. कपडे न धुताच बाळाच्या अंगावर चढले.

दोन-तीन दिवसांत बाळ पिवळे पडले, दूध ओढेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला जवळ घेतले आणि पहिलाच प्रश्न केला, "हे कपडे कशात ठेवले होते?"

डांबरगोळ्या बहुधा नॅप्थॅलीनच्या असतात. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. मुलींपेक्षा मुलांत हा दोष जास्त आढळतो. अशा बाळाला नॅप्थॅलीनची वाफ लागली की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. वेळेत उपचार झाले नाहीत, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेल चोळलेल्या अंगात हे द्रव्य अधिक सहज मुरते. तपासणीत आमच्या या बाळाला तोच दोष निघाला. चार दिवस निळ्या दिव्याखाली राहून बाळ सुखरूप घरी आले. आमचा जन्म हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेला. पण हातातल्या ट्रंकेचा हिशेब आम्हाला कळला नाही, याची खंत वाटते.

तेव्हा पहिला नियम हा, की बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही टाकू नयेत. धुऊन, कडकडीत वाळवून, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवावे, एवढे पुरे. गोळ्यांतले जुने कपडे तान्ह्या बाळाला न वापरणेच बरे. नवे कोरे कपडेही खळ निघण्यासाठी एकदा धुऊनच घालावेत.

आता डागांचे पाहू. पहिले दोन-तीन दिवस बाळाची शी काळपट हिरवी, चिकट असते. मग ती पिवळी होते. आधी शी संडासात झटकावी आणि कपडा लगेच गार पाण्यात चोळावा. उकळते पाणी आधी ओतू नये. शी, ओकलेले दूध, रक्त यांचे डाग गरम पाण्याने कापडात पक्के बसतात. गार पाण्याने डाग सुटला की साबण लावून अर्धा तास भिजवावे, चोळावे आणि मग हवे तर गरम पाण्यात घालावे. तान्ह्या बाळाच्या शीत काय घाण, असे जुनी माणसे म्हणतात. पण तिच्यातही रोगजंतू असतात. म्हणून लंगोट घरच्या धुण्यापासून वेगळे धुवावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

तरी पिवळी झाक राहिली, तर ओला कपडा उन्हात टाकावा. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य असते. काविळीत अंग पिवळे करते तेच हे. प्रकाशाने ते विरते. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिकेला दिसले, की उन्हात नेलेल्या बाळाच्या उघड्या अंगाचा पिवळेपणा कमी होतो. तेथील डॉक्टरांनी १९५८ साली दिव्याच्या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. मात्र डाग उन्हात जातो म्हणून कावीळही घरच्या उन्हात घालवू नये. बाळ पिवळे दिसले की डॉक्टरांनाच दाखवावे.

तेलाच्या डागाला मात्र कोमट पाणी आणि साबण हवा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो; घाबरू नये, तोही उन्हात उतरतो. काजळ उन्हाने जात नाही. काजळात शिसे असू शकते, तेव्हा ते बाळाला न लावणे हाच उत्तम उपाय. लोहाच्या थेंबांचा डाग लिंबू-मिठाने निघतो. नंतर कपडा भरपूर पाण्यात खळबळावा.

ब्लीच, संडासाचे अॅसिड आणि लिंबू यांची कधीच मिसळ करू नये; त्यातून विषारी वायू निघतो. साबण अंगात राहिला तरी बाळाला पुरळ येते, म्हणून दोन-तीन पाण्यांतून कपडा काढावा. पावसाळ्यात दोरीवर दमट राहिलेल्या लंगोटाला इस्त्री फिरवावी. नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीखाली बांधावा. भिजवणाची बादली उघडी ठेवू नये. रांगते भावंड वीतभर पाण्यातही बुडू शकते.

आणि शेवटचे, बांधवांसाठी. नळाला तासभर पाणी, दिवसाला पंधरा-वीस लंगोट, आणि पोटावर टाके असलेली बाई ओली बादली उचलते आहे, हे चित्र आम्ही घरोघरी पाहतो. बाळाचा बाप कुठे असतो? चाळीतल्या त्या बाळाचा बाप आता कामावर जाण्याआधी नळावर लंगोट धुतो. पहिल्या दिवशी दोघे-तिघे हसले. आता त्यांतलाच एकजण त्याच्या शेजारी आपल्या लेकीची दुपटी घेऊन बसलेला आम्ही पाहिला.

आज घरी गेलात की ट्रंक उघडा. गोळ्या असतील, तर बाळ येण्याआधीच बाहेर काढा.