बाष्पवेग आणि शाळकरी मुले

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अधारणीय वेगांमध्ये बाष्पाची, म्हणजे अश्रूंची, गणना आहे. त्याच अध्यायात पुढे शोकाचा समावेश मात्र धारणीय वेगांत केला आहे. परीक्षेसाठी आपण दोन्ही याद्या पाठ केल्या. त्यांतील वरवर दिसणाऱ्या विरोधाकडे फारसे लक्ष दिले नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात रुग्ण पाहताना वाटते, की आपल्या शाळांनी त्यांपैकी दुसरी यादीच तेवढी उचलली आहे.

दि. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यास आग लागली. त्याच दिवशी सहा महिला मृत्युमुखी पडल्या. भाजलेल्यांपैकी आणखी काही जणी पुढे उपचार चालू असताना दगावल्या. परवाने, चौकशी, भरपाई यांवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु अशा दुर्घटनेत आई गमावलेले मूल ज्या वर्गात परतते, त्या वर्गातही कोणाचा तरी वाढदिवस येतोच. त्याचा विचार कोणी करावयाचा?

काही वर्षांपूर्वी नववीतील एक मुलगा अरुची व वारंवार द्रवमलप्रवृत्ती या तक्रारींसाठी माझ्याकडे आला. कंत्राटी कामगार असलेले वडील रस्ता अपघातात गेले होते. मी कुटजघनवटी दिली, पथ्य सांगितले. पंधरा दिवसांत उतार नाही. तिसऱ्या खेपेस मी वडिलांविषयी विचारले. बाहेर रुग्ण ताटकळत असताना तो बराच वेळ रडला. मुंडण झाकण्यासाठी टोपी घातली म्हणून शाळेत त्याला हटकले होते, आणि "आता तूच घरातला कर्ता, रडायचं नाही," असे मायेनेच बजावले होते. शोकज अतिसारात वातहर चिकित्सेबरोबर हर्षण व आश्वासन सांगितले आहे, हे मला पहिल्याच भेटीत आठवावयास हवे होते. पोट हळूहळू सुधारले. झोप सुधारण्यास अधिक काळ लागला.

माझ्या मते शोकाचे धारण म्हणजे शोकाच्या भरात अविचारी कृती न करणे. डोळ्यांतील पाणी अडविणे नव्हे. बाष्पनिग्रहाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची, भ्रम संभवतात. उपाय निद्रा व प्रिय कथा. (मद्यही सांगितले आहे, मुलांच्या बाबतीत अर्थातच त्याज्य.)

वर्गशिक्षकांनी मूल परतण्यापूर्वी घरी जाऊन यावे आणि वर्गाला काय सांगायचे, हे त्यालाच विचारावे. रडू आल्यास परवानगी न मागता बाहेर जाण्याची मुभा द्यावी. मराठवाडा-विदर्भातून आलेली कुटुंबे दिवसकार्यासाठी गावी जातात. परतल्यावर हजेरीचा हिशेब पहिल्याच दिवशी काढू नये. एखादी आई दाखला मागण्यास आली, तर तो देण्यापूर्वी तिच्याशी निवांत बोलावे.

शालेय आरोग्य तपासणीस आपण जातोच. वजन-उंचीबरोबर "या वर्षी कोणाच्या घरी कोणी गेले का?" हेही शिक्षकांना विचारावे. मात्र मूल जगण्याची इच्छा उरली नसल्याचे बोलू लागले, तर आपल्या औषधांवर विसंबून न राहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दवाखान्यात व शिक्षक-कक्षात लावून ठेवावा.