जननेंद्रियावरची चामखीळ आणि कॅन्सरची भीती

जननेंद्रियावर चामखीळ दिसली की दोन धसके एकदम बसतात: ही कॅन्सरची पहिली पायरी, आणि जोडीदाराने कुठेतरी शेण खाल्ले. दुसऱ्याचा निकाल चटकन लागतो. चामखीळ उठवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची लागण झाल्यावर ती उगवायला काही आठवडे लागतात, कधी महिने, क्वचित वर्षेही. लग्नाआधीचा विषाणू लग्नानंतर डोके वर काढू शकतो. चामखिळीच्या पुराव्यावर घरात पंचायत बसवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

पहिला धसका मात्र खुळचट नाही. हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन संशोधकालाही एकेकाळी तसेच वाटत होते. चामखिळीतून क्वचित कॅन्सर झाल्याच्या जुन्या नोंदी होत्या. तेव्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू चामखिळीतच सापडेल, असा त्यांचा कयास. १९८०च्या सुमारास चामखिळीतून एचपीव्हीचा प्रकार ६ हाती लागला. पण कॅन्सरच्या गाठींत शोधले, तर तो तिथे नव्हता. गाठींत सापडला तो १९८३ साली प्रकार १६ आणि पुढच्या वर्षी १८. चुलतभाऊ म्हणा, पण धंदे वेगळे. याच कामासाठी त्यांना २००८चे नोबेल मिळाले.

आज हिशेब पक्का आहे. सुमारे नव्वद टक्के चामखिळी ६ आणि ११ या प्रकारांच्या; गर्भाशयमुखाचे सुमारे सत्तर टक्के कॅन्सर १६ आणि १८ यांचे. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिने १६ व १८ निकामी करतात. ६ आणि ११ यांना ते फारसे साधत नाही. म्हणून चामखीळ ही कॅन्सरची पायरी नव्हे.

‘मग जाळून टाकली की सुटलो!’ हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि माझ्या मते पहिल्याहून घातक. जाळल्याने चामखीळ जाते. आजूबाजूच्या कातडीतला विषाणू राहू शकतो. शिवाय ज्या वाटेने ६ आला, त्याच वाटेने १६ही येऊ शकतो. डेन्मार्कच्या आरोग्य-नोंदींत चामखीळ झालेल्यांना पुढे काही कॅन्सर इतरांपेक्षा जास्त झालेले दिसतात, त्यामागे असा जोडसंसर्ग असणे शक्य आहे. वाढतच जाणाऱ्या किंवा रक्त येणाऱ्या चामखिळीचा तुकडा तपासायला द्यावाच. एचआयव्ही असेल तर अधिकच जपावे.

खरी गोम अशी की १६ आणि १८ यांची चामखीळ उठत नाही, खाजत नाही, दुखत नाही. बहुतेकींच्या शरीरातून ते एक-दोन वर्षांत आपोआप जातात. ज्यांच्यात ठाण मांडतात, त्यांना कॅन्सर व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षे लागतात. तपासणीला एवढा अवकाश मिळतो! उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत १९९९पासून झालेल्या अभ्यासात तिशी ते साठीच्या बायकांच्या एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी केली. चामखीळ आहे की नाही, हा निकष नव्हता. पुढच्या आठ वर्षांत, अशी तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक लस ६, ११, १६ आणि १८ या चौघांनाही अडवते. पण ती आधीच झालेली लागण बरी करत नाही, म्हणून लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतलेली बरी.

चामखीळ घेऊन आलेल्या पुरुषालाही डॉक्टरांनी विचारावे, तिशीपुढच्या बायकोची तपासणी कधी झाली? २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली होती.