ताप, आकडी आणि घड्याळ

वैशाख लागला कीं औरंगाबादचें, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरचें, ऊन चाळिशीपार जातें. त्यांतच लहान मुलास ताप भरून आकडी आली म्हणजे भरल्या घरांत काय चालतें, तें आम्हीं पाहिलें आहे. एक जण कांदा फोडून नाकाशीं धरतो, दुसरा दांतखिळींत चमचा घालतो, आणि एखादी वडीलधारी व्यक्ति सुनेकडे पाहून म्हणते, "आमच्या घराण्यांत हें नव्हतें हो!" घड्याळाकडे मात्र कोणीच पाहत नाहीं.

सहा महिने ते पांच वर्षें या वयांत शंभरांतील दोन ते पांच मुलांना तापांत आकडी येते. ती बहुधा कांहीं मिनिटांत थांबते व मागें अपाय ठेवीत नाहीं. परंतु पहिल्या वर्षांतच आकडी येऊं लागणें, ती बराच वेळ चालणें, कधीं डाव्या तर कधीं उजव्या अंगास येणें, ताप किंवा कढत पाण्याची आंघोळ होतांच उलटणें, हीं लक्षणें निराळ्या रोगाचीं असूं शकतात. फ्रान्समधील डॉक्टर शार्लोत द्राव्हे यांनीं १९७८ सालीं त्याचें वर्णन केलें. २००१ सालीं त्याचें मूळ 'एससीएन१ए' या जनुकाच्या दोषांत सांपडलें. बहुतेक मुलांत हा दोष आईबापांकडून येत नाहीं, नव्यानेंच उपजतो. मग सुनेच्या माहेरास नांवें ठेवून काय साधलें?

कोणी लसीस दोष देतात. लसीनंतर मेंदूविकार जडल्याचें मानलेल्या चौदा रुग्णांची तपासणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली; त्यांतील अकरांत हाच जनुकदोष निघाला. लसीचा ताप हें केवळ निमित्त होय. लस चुकवून गोवर ओढवून घेण्यापेक्षां त्या दिवसांची तजवीज डॉक्टरांस आधींच विचारावी.

निदान नेमकें होणें अगत्याचें, कारण फेपऱ्यावर एरव्हीं गुणकारी असलेलीं कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन हीं औषधें या रोगांत आकडी वाढवूं शकतात. तथापि चालू औषध आपल्या मनानें बंद करूं नये, डॉक्टरांशीं बोलावें.

एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात. त्यांची वांटणी करून ठेवावी. एकानें मुलास कुशीवर वळवावें व तोंडांत कांहीं घालूं देऊं नये. आजोबांनीं घड्याळ धरावें. काकांनीं मोबाइलवर चित्रण करावें. डॉक्टरांस त्याचा फार उपयोग होतो. पांच मिनिटें होतांच, डॉक्टरांनीं नाकांत मारावयाचा मिडाझोलामचा फवारा देऊन ठेविला असल्यास तो द्यावा आणि रुग्णालय गांठावें. १९५६ सालीं स्थापन झालेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें 'घाटी' रुग्णालय कोणत्याहि रिक्षावाल्यास ठाऊक आहे. मागाहून वहींत तारीख, ताप, मिनिटें आणि कोणतें अंग हें लिहावें.

आणि हें सारें आटोपल्यावर सासूबाईंनीं त्या मुलाच्या आईच्या पाठीवरून हात फिरवावा. तिच्या वांट्याची रात्र अजून सरलेली नसते.